ठमीची शुगर २६८ आली त्याची गोष्ट, आणि मांजराला डॉक्टरकडे न्यायचं कसं

मागच्या पावसाळ्यात ठमीची शुगर २६८ आली. ठमी म्हणजे आमची मांजर, नऊ वर्षांची, करड्या पट्ट्यांची, कोथरूडच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची खरी मालकीण. जरा उतरल्यासारखी वाटत होती म्हणून रक्त तपासायला नेली तर रिपोर्टवर ग्लुकोजपुढे हा आकडा. मांजरांची शुगर साधारण ७० ते १५० मध्ये असते. आईनं चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, "अगं, हिची माझ्यापेक्षा जास्त आहे की!" आई स्वतः बारा वर्षं मेटफॉर्मिनवर, म्हणजे डायबेटिसच्या गोळीवर आहे. त्या रात्री मी मांजराला इन्सुलिन कसं टोचायचं याचे व्हिडिओ बघत दोन वाजेपर्यंत जागी होते.

आठवड्याभरानं दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेले. त्यांनी रिपोर्टवर नुसती नजर टाकली आणि विचारलं, "रक्त काढलं तेव्हा कशी होती ही?" मी म्हटलं, दोघांनी धरली होती, एकानं मानगूट आणि एकानं पाय, किंचाळत होती, टेबलावरच शू केली तिनं. "पाणी जास्त पिते का? लिटरमध्ये, म्हणजे तिच्या शूच्या वाळूत, लघवीचे गोळे मोठे व्हायला लागलेत का?" नाही. मग लघवी तपासली, त्यात साखर नाही. मग फ्रुक्टोसामिन नावाची टेस्ट केली, ती साधारण मागच्या दोन आठवड्यांत साखर कशी होती ते सांगते, माणसांच्या तीन महिन्यांच्या शुगरच्या टेस्टची, एचबीएवनसीची, धाकटी बहीण म्हणा, तीही नॉर्मल. म्हणजे डायबेटिस वगैरे काही नव्हतं, आमची बाई घाबरली होती. उतरण्याचं कारण नंतर एका किडलेल्या दातात सापडलं, पण ते वेगळं पुराण.

तर हे होतं कसं. घाबरल्यावर अंगात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सुटतं, लिव्हरमध्ये साठवून ठेवलेली साखर धडाधड रक्तात येते, कारण शरीराचा हिशोब असा की आता पळायचंय नाहीतर भांडायचंय, इंधन लागणार. हे आपल्यातही होतं पण मांजरात फारच जोरात होतं, आकडा थेट डायबेटिसच्या घरात जाऊन बसतो आणि खाली यायला काही तास लागू शकतात. ब्लडप्रेशरचं तेच, डॉक्टरांना बघून बीपी वाढणारे काका आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी असतात, मांजरं सगळीच तशी. म्हणून नीट मोजणारे डॉक्टर तिला आधी ५ ते १० मिनिटं शांत खोलीत नुसती बसू देतात, पहिलं रीडिंग सोडून देतात आणि पुढच्या पाच-सात रीडिंगची सरासरी धरतात. घरी निवांत असताना मिनिटाला १२०-१३० पडणारे ठोके क्लिनिकमध्ये २०० पर्यंत जातात. टेंपरेचर १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे मांजराचं नॉर्मल, भीतीनं ते त्याच्यावर सरकतं, आणि डॉक्टर बिचारे विचार करत बसतात की हा ताप म्हणायचा का प्रवास. पोट चाचपायला जावं तर ते दगडासारखं घट्ट केलेलं, आत गाठ असली तरी हाताला कळायची कशी?

आणि याच्या उलटही होतं बरं का. घरी लंगडणारं मांजर टेबलावर व्यवस्थित चार पायांवर उभं राहतं. म्हणून घरी जे दिसलं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यायचा, आणि ते गाढ झोपलेलं असताना मिनिटात किती श्वास घेतं ते मोजून लिहून न्यायचं (३० च्या आत असायला हवेत, रोज त्याच्यावर जात असतील तर डॉक्टरांना लगेच सांगायचं). ही माहिती क्लिनिकमध्ये कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

आता मुळात इतकी भीती कशाची. कुत्र्याला नेताना एवढी झटापट होत नाही, मग हिलाच काय झालं? आपल्याकडे म्हणतात ना, कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, त्यात बरंच तथ्य आहे. कुत्र्याचे पूर्वज कळपात राहायचे, सोबतीला आपला माणूस असला की कुत्र्याला निम्मा धीर येतो. मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया-आफ्रिकेकडचं रानमांजर, एकट्यानं शिकार करणारं, आणि माणसाच्या धान्याच्या कोठारांभोवती उंदरांच्या मागे ते आलं त्याला साधारण दहा हजार वर्षं झाली असतील, पण स्वभाव फारसा बदललेला नाही. एकटा राहणारा प्राणी जखमी झाला तर त्याला खाऊ घालायला कुणी नसतं, त्यामुळे भांडण हा त्याच्यासाठी अगदी शेवटचा उपाय, आधी पळायचं, पळता आलं नाही तर लपायचं. शिवाय मांजर स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांची शिकारही आहे, म्हणून दुखणं लपवायचं. आणि आपण काय करतो, तर पळता येणार नाही अशा डब्यात कोंबतो, मग लपता येणार नाही अशा स्टीलच्या टेबलावर काढून ठेवतो. दोन्ही वाटा बंद केल्या की तिसरी उरते, पंजा. आणि मग आपणच म्हणतो, खुनशी असतात मांजरं.

त्यात वास. ठमी दिवसभर सोफ्याच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला, माझ्या लॅपटॉपला गाल घासत फिरते ते लाडानं असेलही, पण गालाच्या आणि हनुवटीच्या ग्रंथींमधला वास ती तिथे लावत असते, म्हणजे घरभर तिच्या सह्या, "हे माझं, इथे सगळं ठीक". क्लिनिकमध्ये तिची एकही सही नसते. तिथे फिनेलचा वास, स्पिरिटचा वास, आधीच्या लॅब्रडॉरचा वास, आणि तिच्याआधी टेबलावर घाबरून गेलेल्या मांजराचाही वास. कानांचं म्हणाल तर आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० हजारांच्या पुढचं, त्यामुळे आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत तिला कसल्या कसल्या मशीनच्या शिट्ट्या ऐकू येत असतील कोण जाणे.

हे सगळं कळल्यावर मला पहिल्यांदा लाज वाटली ती आमच्या कॅरिअरची, म्हणजे मांजराला न्यायच्या त्या दारवाल्या डब्याची. आमचा कॅरिअर माळ्यावर असायचा, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या आणि जुन्या कुकरच्या मध्ये. वर्षातून एकदा स्टूल सरकवल्याचा आवाज, माळ्याच्या दाराची ती कुरकुर, आणि ठमी गायब, वॉशिंग मशीनच्या मागे. तिच्या दृष्टीनं त्या डब्याचा एकच अर्थ, आज आपलं काही खरं नाही. मग मी झाडू घेऊन एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, वीस मिनिटं तो तमाशा, शेवटी डोकं आधी घालून ढकलायचं, चारही पाय दाराला लावून ती अडणार. म्हणजे ज्या ॲड्रेनलिनबद्दल वर लिहिलं ते घरातच सुटलेलं असायचं, डॉक्टरांच्या दारात जायच्या आधीच.

कॅरिअर कुठला घ्यावा यावर बरेच जण विचारतात म्हणून सांगते. पुण्यात मी मांजरं भाजीच्या पिशवीत, उशीच्या अभ्र्यात, आंब्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या दोन बास्केट सुतळीनं बांधून अशा सगळ्या अवतारात क्लिनिकला आलेली बघितली आहेत, आणि हल्ली ती पाठीवरची बॅग, अंतराळवीरासारखी गोल काच असलेली. ती काचवाली बॅग फोटोत गोड दिसते पण मांजराला लपायचं असतं तेव्हा तुम्ही त्याला शोकेसमध्ये ठेवताय, आणि उन्हात आत कोंडून गरम होतं ते वेगळंच. माझं मत, टणक प्लॅस्टिकचा साधा कॅरिअर, ज्याचं वरचं अर्धं झाकण क्लिप काढून वेगळं करता येतं आणि ज्याला पुढेही दार आहे. ते झाकण का महत्त्वाचं ते पुढे येईलच. आत मांजर वळू शकेल एवढी जागा हवी पण गोदाम नको, नाहीतर रिक्षा वळली की ते आतल्या आत घसरतं.

आणि तो कॅरिअर माळ्यावरून उतरवायचा, कायमचा. हॉलमध्ये ठेवायचा, दार काढून टाकून, आत तिचंच वापरलेलं, न धुतलेलं फडकं. न धुतलेलं हे मुद्दाम सांगतेय कारण आपला हात लगेच वॉशिंग मशीनकडे जातो, तिच्या वासाचं फडकं हाच तर सगळा खेळ आहे. पहिले चार दिवस ठमीनं कॅरिअरकडे असं बघितलं की जणू तिथे पाहुणे आलेत आणि जायचं नाव घेत नाहीत. मी काही म्हटलं नाही. मग सुकटीचा एक-एक तुकडा, आधी कॅरिअरच्या दोन फूट अलीकडे, मग उंबऱ्यावर, मग आत. दहाव्या दिवशी पुढचे दोन पाय आत, मागचे बाहेर, मान लांब करून तुकडा उचलून परत बाहेर, चोरी केल्यासारखं. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरातून आले तर ही आत मुटकुळं करून झोपलेली, फक्त शेपटीचं टोक बाहेर. आईनं तिथूनच हातानं खूण केली, बोलू नकोस. त्यानंतर दार लावून बघायचं, पाच सेकंद, लगेच उघडायचं, खाऊ. मग मिनिटभर. मग उचलून हॉलमधून बेडरूमपर्यंत, मग जिन्यावरून खाली आणि परत वर, कुठेच न जाता. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "रोज कुठे नेतेस गं मांजराला?" म्हटलं, कुठेच नाही, जिना दाखवते.

हा माझ्या डोक्यातला शोध नाही. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या लोकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात २२ मांजरं होती, निम्म्यांना सहा आठवड्यांत २८ वेळा असंच थोडं थोडं कॅरिअरचं आणि गाडीचं शिकवलं, बाकीच्यांना काही नाही. शिकलेल्या मांजरांना प्रवासात ताण कमी आला आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. सहा आठवडे ऐकून दडपण येतं हे मान्य, पण रोजची पाच मिनिटं आहेत, आणि ठमीसारख्या हट्टी बाईनंही साधारण महिन्यात मान्य केलं.

ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांचं तर सोनंच आहे. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-नवव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन सगळं नवीन सहज स्वीकारतं, त्या वयात कॅरिअर हे झोपायचं ठिकाण म्हणूनच ओळखीचं झालं तर पुढची पंधरा वर्षं तुम्ही मला दुवा द्याल. कान बघणं, तोंड उघडून दात बघणं, पंजा दाबून नख काढणं, हे घरी खेळता खेळता करत राहायचं.

आता जायचा दिवस. पोट भरून जेवण घालून न्यायचं नाही, रिक्षात उलटी होते, आणि भुकेलं असलं तर तिथे खाऊही घेतं. किती तास उपाशी ठेवायचं ते फोनवर विचारून घ्या, कारण रक्त तपासायचं असेल तर वेगळं, डायबेटिसचं मांजर असेल किंवा लहान पिल्लू असेल तर अजून वेगळं. तासभर आधीच बाकीच्या खोल्यांची दारं आणि वॉशिंग मशीनमागची फट बंद करून ठेवायची, गुपचूप, म्हणजे पकडापकडीचा प्रश्न येत नाही. आणि सवय झालीच नसेल आणि आजच जायचं असेल तर कॅरिअरचं झाकण काढा, मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून खालच्या भागात ठेवा, वरून झाकण बसवा. दारातून ढकलण्यापेक्षा हजार पटीनं बरं. फेलिवे नावाचा एक स्प्रे मिळतो, मांजराच्या गालातल्या त्या सहीच्या वासाची कारखान्यात केलेली नक्कल, तो मांजर आत ठेवायच्या १५ मिनिटं आधी कॅरिअरमधल्या फडक्यावर मारायचा, स्पिरिट उडून जाऊ द्यायचं. काहींना खूप गुण येतो म्हणतात. मला ठमीत फार फरक दिसला नाही, तिचं जुनं फडकं जास्त चालतं आणि ते फुकट आहे.

मग पुण्याचे रस्ते. यावर काय बोलणार. रिक्षा केली तर कॅरिअर सीटवर न ठेवता मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळून, आणि उचलतानाही वरच्या हँडलला लोंबकळत न नेता खालून दोन हातांनी, पाळण्यासारखं हलत गेलं की आधीच अर्धी घाबरते. वरून ओढणी किंवा पातळ टॉवेल टाकून झाकून टाका, हवा खेळती राहील इतपत, दिसायचं बंद झालं की बऱ्याच मांजरांचं ओरडणंही कमी होतं. रिक्षावाल्या दादांना आधीच सांगायचं, "दादा, मांजर आहे, स्पीडब्रेकरला जरा हळू." माझा अनुभव असा की नव्वद टक्के दादा मनापासून हळू घेतात आणि मग त्यांच्या गावाकडच्या मांजराची गोष्ट सांगतात. स्कूटरवर पुढे पायाशी ठेवून नेतात लोक, मी पण नेलंय, पण हॉर्न, धूर आणि खड्डे सगळं थेट अंगावर येतं, टाळता आलं तर टाळा. कारमध्ये पुढच्या सीटच्या मागे खाली जमिनीवर कॅरिअर घट्ट बसतो, ती जागा चांगली.

आणि वेळ. शनिवार-रविवारची संध्याकाळ म्हणजे क्लिनिकमध्ये अख्ख्या पेठेतली कुत्री. दुपारी बंद असलेलं क्लिनिक संध्याकाळी उघडतं तेव्हाचा पहिला नंबर मागा, किंवा आठवड्याच्या मधल्या दिवसाची सकाळ. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने नदीपात्राजवळून संध्याकाळी जायचं नाही, ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो, तो आपल्यालाच छातीत वाजतो. वेटिंगमध्ये कॅरिअर जमिनीवर ठेवू नका हो, हे मी हात जोडून सांगते. जमिनीवर म्हणजे बरोब्बर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, आणि समोरचे काका प्रेमानं म्हणत असतात "आमचा काही करत नाही", तो काही करत नसेलही, पण जाळीतून आत श्वास सोडतोय ना. खुर्चीवर, टेबलावर, उंच, तोंड भिंतीकडे. नाहीतर सरळ रिसेप्शनला नाव देऊन बाहेर रिक्षात किंवा जिन्यात थांबा आणि नंबर आला की फोन करायला सांगा. आमच्या डॉक्टरांकडे हे आता सगळेच करतात, बाहेरच्या कट्ट्यावर टॉवेल टाकलेले कॅरिअर ओळीनं असतात, रुखवत मांडल्यासारखे.

आत गेल्यावर त्या झाकणाचं काम. नव्या डॉक्टरांनी ठमीला बाहेर काढलंच नाही. क्लिप काढल्या, वरचं झाकण उचललं आणि त्याच क्षणी टॉवेल पुढे सरकवून तिच्या अंगावर घेतला, आणि ती तिच्या त्याच खालच्या भागात, तिच्याच फडक्यावर बसलेली असताना टॉवेलखालून हात घालून पोट बघितलं, स्टेथोस्कोप लावला. डोकं टॉवेलखाली, बाकी मांजर तपासायला मोकळं. दात बघायचे तेव्हा तेवढंच तोंड बाहेर. मी तोंड उघडं टाकून बघत होते, कारण आठ वर्षं मी हेच काम दोन माणसं आणि एक लेदरचा ग्लोव्ह लावून होताना बघितलं होतं.

मानगूट धरण्याबद्दल इथेच सांगते कारण हा मोठा गैरसमज आहे. आई पिल्लांना मानेला धरून नेते तेव्हा पिल्लू सैल पडतं हे खरं, पण ते पिल्लाचं. मोठ्या मांजराची मान धरली की ते गप्प होतं ते हबकून, रानात त्याची मान अशी धरणारा त्याला खाणाराही असू शकतो. मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून २०२२ मध्ये तपासणीच्या पद्धतींची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा सूर हाच आहे की कमीत कमी धरा, मानगूट धरून ताणू नका. पूर्वी मी टेबलावर गोठून बसलेल्या ठमीकडे बघून म्हणायचे, बघा किती शहाण्यासारखी बसलीय. आता तेव्हाच्या फोटोत बघते तर बुबुळं एवढाली मोठी, कान आडवे, शेपूट अंगाला चिकटवलेली. शहाणपण कसलं, घाबरून गोठली होती ती.

आपण स्वतः काय करायचं? फार काही नाही. चेहऱ्यावर वाकायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. हळू पापण्या मिटून हळू उघडायच्या, इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात दिसलं की अशा हळू मिचकावण्याला मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ जास्त सहज येतात. आणि एक गंमत, बाळाला गप्प करताना आपण "श्शऽऽ श्शऽऽ" करतो तसं मांजराला करायचं नाही, तिच्या कानाला तो फिस्कारल्याचा आवाज आहे, म्हणजे आपण समजूत घालतोय आणि तिला ऐकू येतंय की ही पण माझ्यावर चिडली. आमची आई वर्षानुवर्षं हेच करत होती, आता ती हळू आवाजात विष्णुसहस्रनाम म्हणते, ते चालतं. आणि ती फिस्कारली तर रागवू नका, फिस्कारणं ही ताकीद आहे, ताकीद दाबली की पुढच्या वेळी थेट चावा येतो. चावलीच तर दुखतंय एवढ्यावर सोडायचं नाही, मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, जखम आत चिघळते, १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरकडे, रेबीजच्या लसीचं विचारायचंच.

हे सगळं करूनही काही मांजरांना नाहीच जमत, मागच्या वाईट आठवणीच इतक्या असतात. त्यांच्यासाठी औषध आहे, आणि ते घेणं म्हणजे हार वगैरे काही नाही. गॅबापेंटिन नावाचं, माणसांना फिट्स आणि नसांच्या दुखण्यासाठी देतात तेच, मांजराला निघायच्या साधारण दीड-दोन तास आधी घरीच देतात, कॅप्सूलची पूड थोड्या ओल्या खाण्यात मिसळून. भीतीची धार कमी होते, मांजर जरा डुलत चालतं, त्यामुळे त्या दिवशी गॅलरीचं दार बंद आणि उंच कपाटावर चढू द्यायचं नाही. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा, किडनीचा त्रास असलेल्या मांजराला कमी लागतो, आणि शक्यतो आधी एखाद्या निवांत दिवशी घरी देऊन बघायचं की कसं मानवतं. एक जुनं औषध अजून कधीकधी दिलं जातं, ॲसेप्रोमॅझिन, त्यानं अंग सुस्तावतं पण एकट्या त्यानं भीती जातेच असं नाही, ते सुचवलं तर गॅबापेंटिनबद्दल नम्रपणे विचारा. आणि आपल्या मनानं माणसांचं काहीही द्यायचं नाही. विशेषतः पॅरासिटामॉल, आपली घरोघरची तापाची गोळी, मांजराच्या लिव्हरला ती पचवताच येत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

घरी परतल्यावर अजून एक अंक असतो तो कुणी सांगत नाही. आमच्याकडे गण्या पण आहे, चार वर्षांचा बोका. ठमीला आणलं की हा, जो रोज तिच्या अंगावर पाय टाकून झोपतो, तिच्यावर गुरगुरायला लागला, शेपटी बाटली साफ करायच्या ब्रशएवढी. कारण त्याच्या हिशोबानं आलेली ही ठमी नाहीच, दिसते तशी पण वास दवाखान्याचा. असं झालं की दोघांना काही तास वेगळ्या खोल्यांत ठेवायचं, तिला स्वतःला चाटून घेऊ द्यायचं, घरातल्या फडक्यानं आधी गण्याला आणि मग तिला पुसायचं, रात्री जेवणाच्या वेळी दार उघडायचं. मध्ये पडून दोघांना "भांडू नका रे" करत उचललं तर ओरबाडले आपणच जातो. मी गेलेय.

घरी येणारे डॉक्टरही हल्ली पुण्यात मिळतात, लसीसाठी आणि म्हाताऱ्या मांजरांसाठी उत्तम सोय, फक्त एक्स-रे, सोनोग्राफी, दात हे घरी होत नाही. आणि लसीचं टाळू नका, रेबीजची लस आपल्याकडे हवीच, शिवाय २०२२ मध्ये महापालिकेनं मांजरांनाही परवाना लागेल असं ठरवलं त्यालाही तिचा दाखला लागतो.

एक गोष्ट मात्र ठळक सांगते. हे सहा आठवडे, सुकट, जिना वगैरे सगळं नेहमीच्या तपासणीसाठी. बोका सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभरच किंवा होतच नाहीये, तर मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो, तेव्हा अभ्र्यात घालून न्या, पिशवीत घालून न्या, पण त्याच तासाला न्या. तोंड उघडून धापा टाकत असेल, मागचे पाय अचानक गेले असतील, तरी तेच. मांजर दोन-तीन दिवस अजिबात जेवलं नाही तर तेही थांबण्यासारखं नाही, विशेषतः जाड मांजरात लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते.

यंदा जूनमध्ये ठमीला परत नेलं. दोन तास आधी गॅबापेंटिन, कॅरिअरमध्ये ती स्वतःच जाऊन बसली होती कारण तिथे तिची दुपारची झोप असते, मी फक्त दार लावलं. रक्त टॉवेलमधून मागचा एक पाय बाहेर काढून घेतलं. शुगर १२१. थर्मामीटर लावला तेव्हा फिस्कारली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी पण फिस्कारले असते. तिची जुनी केसपेपरची फाईल मी सोबत नेली होती, तिच्यावर पहिल्या क्लिनिकमधल्या कुणीतरी लाल पेननं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "चावते". डॉक्टरांनी ते वाचलं, खोडलं नाही, खाली निळ्या पेननं बारीक अक्षरात लिहिलं, "टॉवेल द्यावा."